अठाईचा पाचवा दिवस

श्रावण सुद सातम

भूपतनं वर्ग परत सुरू केला!

आमच्या जैन संघाच्या वाडीच्या, म्हणजे सभागृहाच्या, फाटकावर कापडी फलक लागलाय — उपवास हेच औषध, दर रविवारी सकाळी, मार्गदर्शक भूपतभाई. खाली फोटो. हात जोडलेला, हसरा. मी बाजारातून मेथी घेऊन येत होते, तिथंच उभी राहिले. जुडी हातात तशीच. येणारे-जाणारे म्हणतात, "जय जिनेंद्र, रसिलाबेन." मी फोटोकडंच बघत.

अजून वर्ष झालं नाही ह्यांना जाऊन. पर्युषणात होईल. आणि हा फोटोत हसतोय!

ह्यानंच सांगितलं होतं. माझ्या ओट्यावर बसून, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून. शब्द न् शब्द पाठ आहे मला — "धीरजभाई, सुई बंद करा. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. अख्खी अठाई. नवव्या दिवशी तुम्ही स्वतः ती सुई गटारात टाकाल." बारा वर्षं सकाळ-संध्याकाळ साखरेची सुई घेणारा माणूस! ह्यांनी ऐकलं. पाचव्या दिवशी गेले. नवव्या दिवशी सुया मीच टाकल्या.

नंतर ह्यानं वर्ग बंद केला. दुःख झालं म्हणे. अकरा महिन्यांत सरलं वाटतं दुःख!

ठरलं. ह्या पर्युषणात ह्याला सगळ्या संघासमोर उभा करीन आणि त्याच्याच तोंडून वदवून घेईन — धीरजलालला मी मारलं. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय नाही मला. आज लिहिलं.

श्रावण सुद आठम

विकायचे मेथीचे खाकरे जळाले. दोन तवे. लक्षच नाही.

श्रावण सुद दशम

भानु आली खाकरे दाबायला. माझी धाकटी जाऊ. हात चालतो तिचा, पण तोंड त्याहून जास्त. दोन तव्यांवर दोघी बसलो. लाकडी दट्ट्यानं दाबायचं, फिरवायचं, दाबायचं. मध्येच म्हणते —

"भाभी, यंदा मी पण अठाई करणार."

"कर की. मी काय हात धरलाय तुझा?"

"भूपतभाईंच्या वर्गात नाव दिलंय."

माझा दट्ट्या थांबला. खाकऱ्यातून धूर निघायला लागला.

"तुला दिवाळीपासून सुई लागलीय ना गं?"

"म्हणून तर! सुई एकदा लागली की सुटत नाही, भाभी. मोठ्याभाईंची सुटली का बारा वर्षांत?"

"सुटली. माणसासकट सुटली."

तिनं आपला खाकरा फिरवला. मग हळूच, "पण भूपतभाई आता तसं नाही सांगत. सुईवाल्यांनी आधी डॉक्टरला विचारून या म्हणतात."

"आता म्हणतो? आता? आमच्या वेळी कुठं गेली होती ही अक्कल?"

"मला काय विचारता, मी नुसतं ऐकलं ते सांगितलं. खाकरा बघा तुमचा!"

काळा ठिक्कर झाला होता. तोच गाईला घातला.

भित्रा आहे तो. पोलिसाला भ्यालाय. स्वतःची कातडी वाचवायला डॉक्टरचं नाव पुढं करतो.

श्रावण सुद तेरस

गेले वर्गाला. शेवटच्या ओळीत, खांबाच्या आड बसले. पन्नासेक बायका-पुरुष. पूर्वी पाण्याच्या मोटारी विकायचा भूपत, बोलणं अजून दुकानदाराचंच आहे.

"पोट म्हणजे दुकान. रोज नवा माल भरता, जुना कोपऱ्यात कुजतो. आठ दिवस शटर खाली ओढा, आतली माणसं जुना माल संपवतील."

लोक हसले. समोरचा एक म्हातारा म्हणाला, "आणि दुकानदारच बसला तर?" पुन्हा हसले. भूपत नाही हसला.

मग त्यानं हात जोडले. "एक गोष्ट. सुई घेणाऱ्यांनी, हृदयाची गोळी घेणाऱ्यांनी माझ्या शब्दावर एक दिवसही उपाशी राहायचं नाही. मी डॉक्टर नाही. हे मी —" तेवढ्यात त्याची नजर खांबाकडं आली. मला बघितलं. वाक्य तिथंच तुटलं. पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला.

बघितलंस? मी दिसले की ह्याची जीभ टाळ्याला चिकटते. पापी माणसाला कळतं बरोबर.

दर महिन्याला घरी येतो हा. वर्ग बंद होता तेव्हाही यायचा. जिऱ्याच्या खाकऱ्यांचे दोन पुडे मागतो आणि उभा राहतो. अजून काही सांगायचंय असा. मी पुडे हातात देत नाही, ओट्यावर ठेवते. उचलतो आणि जातो. भानु म्हणते, पश्चात्ताप झाला असेल. झाला असेल तर वाडीत येऊन सांग ना! खाकरे खाऊन फिटतं होय?

श्रावणी पूनम

भाऊ भावनगरहून आला राखीला. "रसिला, वैर सोड. कर्म बांधतेस उगाच." गाठ जरा घट्टच बांधली मी. "ओय!" म्हणाला.

श्रावण वद बीज

भानुला घेऊन डॉक्टर तन्नाकडे गेले. ती एकटी जायला घाबरते. बाहेरच्या बाकावर तास गेला. आत गेलो तर तिचा कागद बाजूला ठेवून माझ्याशीच बोलायला लागला.

"रसिलाबेन, पाचमेला वाडीत सेवंतीकाकांनी समोरासमोर चर्चा ठेवलीय. मी आणि तो भूपत. तुम्ही बोला त्यात. धीरजभाईंचं काय झालं ते सांगा. दहा भाषणांना भारी पडेल."

सेवंतीकाका म्हणजे आमच्या संघाचे प्रमुख. सगळ्या गोष्टी गोड करून मिटवणारे.

मी म्हटलं, "म्हणजे मी तुमची साक्षीदार?"

"गावाच्या भल्यासाठी. तुम्ही लोक उपाशी राहून मरता आणि मला शेवटी कागदावर सही करायला बोलावता!"

रागच चढला मला. "तीन वर्षांमागं ह्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला. तुम्ही मलम दिलंत. आठ दिवस मलम. नवव्या दिवशी अंगठा कापलात. हे विचारत होते, साहेब, आधीच कळलं नसतं का? तर काय म्हणालात? घरातल्या कुणा शिकलेल्याला घेऊन या, त्याला समजावतो. आठवतंय? ह्यांनी त्या दिवसापासून तुमचं नाव टाकलं. तेव्हा तुम्ही एक शब्द नीट बोलला असतात तर हे भूपतच्या सतरंजीवर जाऊन बसले असते का?"

चष्मा काढला त्यानं. पुसत बसला. "बेन, बाहेर साठ पेशंट होते तेव्हा."

"आज किती आहेत?"

"साठ."

"मग आज कसं ऐकताय?"

भानु माझा पदर ओढतेय — भाभी, माझा कागद, माझा कागद! मग त्यानं तिचा कागद बघितला, नीट बघितला, अठाईला सरळ नाही म्हणाला आणि का नाही ते समजावलंसुद्धा. चित्र काढून. भानुला! माझ्यासारखीच चौथी शिकलेली ती.

उशिरा आली अक्कल. ह्या गावात सगळ्यांना माझा नवरा गेल्यावरच अक्कल येते.

श्रावण वद पाचम

वाडी खच्चून भरली होती. पुरुष डावीकडे, आम्ही उजवीकडे, मधे दोन खुर्च्या. सेवंतीकाका दोघांना हार घालतात आणि म्हणतात, "वाद नको, संवाद करा." संवाद!

तन्ना मोठा तक्ता घेऊन आला होता. मूत्रपिंडाचा. उपाशी पोटी साखरेच्या रोग्याचं रक्त कसं आंबट होतं, श्वास कसा लागतो, माणूस कसा गुंगीत जातो. चांगलं सांगत होता. मला ऐकवत नव्हतं. सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं.

तेवढ्यात पुढून एक आजोबा उठले. "डॉक्टरसाहेब, तुम्ही स्वतः जन्मात एक तरी उपवास केलाय?"

"करतो की. दर एकादशीला."

"काय खाता?"

तन्ना भोळा, खरं बोलला. "थोडं दूध, राजगिरा, बटाट्याची भाजी —"

संपलं! "बटाटा!" अख्खी वाडी हसायला लागली. बायका पदर तोंडात कोंबून. "बटाटा खाऊन उपवास! जमिनीखालचा माल खातो आणि आम्हाला उपवास शिकवतो!" ज्या बाईनं तीस दिवस पाण्यावर काढलेत ती डॉक्टरकडं बघून कीव करत होती. तक्ता उलटा झाला, कुणी सरळही केला नाही. माणूस खरं सांगत होता आणि बटाट्यापायी हरला.

तो चिडून ओरडला, "हसा! गेल्या वर्षी ह्याच गावात एक माणूस मेलाय!"

सगळ्या माना उजवीकडं वळल्या. माझ्याकडं.

भूपत खुर्चीतून उठला. तोंड उघडलं. पण सेवंतीकाकांनी माईक ओढून घेतला — "धीरजभाई तर पुण्यवान जीव! तपात देह ठेवला! असं मरण कुणाला मिळतं? बोला, तपस्वी धीरजलाल अमर रहो!" आणि लोक बोलले! अमर रहो! भूपत खाली बसला. डॉक्टर माझ्याकडं बघतोय — बोला, बेन, बोला आता.

मी नाही बोलले. तिथं बोलले असते तर ती डॉक्टरची जीत झाली असती. मला डॉक्टरची जीत नकोय. मला भूपतची हार हवीय.

श्रावण वद छठ

सेवंतीकाकांकडं गेले. म्हटलं, पारण्याच्या दिवशी वाडीत मला दोन शब्द बोलायचेत. ह्यांच्याबद्दल. काकांचे डोळे भरून आले. "बोला, बेन, जरूर बोला. यंदा सत्तावीस अठाया होतायत. त्यांची सेवा करणार म्हणून भूपतभाईंना शाल देतोय, त्याच्या आधी बोला."

आधीच बोलीन, काका. तुमची शाल घडीतच राहील.

श्रावण वद दशम

आज उपाश्रयात जे झालं ते लिहिते.

भानुला डॉक्टरनं नाही म्हटलं तरी तिला अठाई हवीच. म्हणते, आयुष्यात एकदा तरी आपली मिरवणूक, वरघोडा निघावा, बग्गीत बसावं, माहेरच्यांनी बघावं. नेली शेवटी मा'राजसाहेबांकडं. नवीन साध्वीजी आहेत चातुर्मासाला, तरुण, सौम्यगुणाश्रीजी. भानु हात जोडून उभी राहिली, आठही उपवासांची प्रतिज्ञा, पच्चखाण, एकदम द्या म्हणाली.

मा'राजसाहेबांनी विचारलं, "औषध काय घेता?"

भानु लाजली. "सुई. पण व्रतात बंद ठेवीन."

"का?"

"व्रत मोडेल ना!"

"कुणी सांगितलं मोडेल?"

भानुनं माझ्याकडं बघितलं. मी मा'राजसाहेबांकडं. कुणी सांगितलं? कुणी सांगायला कशाला हवं! सगळ्यांना माहीतच आहे की. पाण्याशिवाय अंगात काही गेलं की व्रत गेलं.

त्या म्हणाल्या, "तुम्ही पच्चखाण घेता तेव्हा मी मागधीतलं जे वाक्य म्हणते ना, त्यातच सूट आहे. चार-पाच सुटी आहेत. चुकून काही तोंडात गेलं तर. मोठ्यांची आज्ञा झाली तर. आणि शेवटची — जीव कासावीस झाला, रोग उसळला, तर मन शांत राहावं म्हणून औषध घेता येतं. व्रत मोडत नाही. शास्त्रकारांनी आधीच लिहून ठेवलंय. ज्याला झेपत नाही त्यानं अठाईच घेऊ नये ही गोष्ट वेगळी. तुम्ही एकासणं करा, एक वेळ जेवून. सुई डॉक्टर सांगेल तशी."

भानु रडायला लागली. आनंदानं की बग्गी गेली म्हणून, देव जाणे.

मी विचारलं, "म्हणजे गेल्या वर्षी... ह्यांनी सुई घेतली असती तरी?"

"तरी व्रत राहिलं असतं, बेन. मधेच घेतली असती तरी."

"पाचव्या दिवशी घेतली असती तरी?"

"हो."

मग मी ओरडले. उपाश्रयात! साध्वीजींवर! "चाळीस वर्षं हात जोडून ऐकतेय मी ते वाक्य! चाळीस वर्षं! एकानं अर्थ सांगितला नाही! आम्ही नुसतं हो हो म्हणत राहिलो, तुम्ही नुसतं वाचत राहिलात!"

त्यांनी मान खाली घातली. "खरं आहे. अर्थ सांगायला हवा होता." एवढंच. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन तवा घासला. स्वच्छ होता तरी घासला.

श्रावण वद तेरस

लिहिलं नाही मधे. पर्युषण बसलं काल. भानुची एकासणी चालू, सुई चालू, तोंडही चालू.

भूपतला ही सूट माहीत नव्हती? माहीत असणारच! दिवसभर उपाश्रयात बसतो, साधूंशी बोलतो. माहीत असून त्यानं सांगितलं नाही. त्यानंच. बाकी कुणाचा दोष नाही ह्यात. त्याचाच आहे. त्याचा एकट्याचा.

पारण्याच्या दिवशी काय बोलायचं ते पाठ करतेय. खाकरे लाटताना मोठ्यानं म्हणते. भिंत ऐकते.

भादरवा सुद पडवा

पर्युषणाचा पाचवा दिवस. आज भगवंताच्या जन्माचं वाचन. सगळं गाव नटून उपाश्रयात. नारळ फुटल्याचे आवाज इथवर येतात.

गेल्या वर्षी ह्याच दिवशी. मी नवी साडी काढून ठेवली होती जायला. पत्रिका वाटून झाल्या होत्या — तपस्वी धीरजलाल यांच्या अठाईनिमित्त वरघोडा. ह्यांना सकाळपासून उलट्या. तोंडाला पिकून सडलेल्या फळासारखा वास. दुपारनंतर श्वास असा चालला की छातीचा भाता. सूर्य मावळायच्या आत संपलं.

आज उपवास केला नाही. दोनदा जेवले. मुद्दाम.

भादरवा सुद चोथ

संवत्सरी. वर्षभराची क्षमा मागायचा दिवस. सकाळपासून दारात रांग — मिच्छामि दुक्कडम, मिच्छामि दुक्कडम. ज्या बाईनं माझे खाकरे जाड असतात म्हणून गावभर सांगितलं ती पण हात जोडून गेली. मी पण जोडले. घाऊक माफी. कुणी कशाची मागतं, कुणी कशाची देतं, कुणाला पत्ता नाही.

अकराच्या सुमारास भूपत आला. आज पुडे मागितले नाहीत. भानु माझ्यामागंच उभी, हात पिठात.

"बेन, मिच्छामि दुक्कडम."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल."

"सगळ्याबद्दल नाही चालणार. काय केलंस त्याचं नाव घे. इथं, दारात, मोठ्यानं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावरून भानुकडं. ओठ हलले. "नाही बोलवत, बेन," म्हणाला.

"मग जा!"

गेला. वहाण उलटी झाली होती, तशीच घालून गेला. भानु म्हणाली, "भाभी, आजच्या दिवशी तरी!"

"तू कणीक मळ!"

संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले. तीन तास. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतल्या सगळ्या जीवांची क्षमा मागितली. सगळ्यांना दिली. एक वजा.

भादरवा सुद पाचम

झालं.

वाडीत सत्तावीस तपस्वी रांगेत पाटावर. घरचे त्यांना मुगाचं पाणी चमच्यानं पाजतायत, सासवा रडतायत, पोरी फोटो काढतायत. तन्ना पण आला होता, मागं दारापाशी उभा. बटाट्यानंतर पहिल्यांदाच वाडीत. सेवंतीकाकांच्या हातात शाल. "आधी आपल्या रसिलाबेन धीरजभाईंविषयी दोन शब्द सांगतील."

मी माईक धरला. पाठ केलेलं सगळं विसरले. सरळ बोलले.

"माझा नवरा तपानं नाही गेला. साखरेनं गेला. सुई बंद केली म्हणून गेला. आणि सुई बंद करायला सांगणारा माणूस हा इथं पहिल्या ओळीत बसलाय. शाल घ्यायला. तुम्ही अमर रहो म्हणता. अमर कसला! पाचव्या दिवशी कुत्र्यासारखी धाप लागली होती माणसाला. ते पुण्य असेल तर तुमच्या घरच्यांना मिळो!"

मुगाच्या पाण्याचे चमचे हवेतच राहिले. मग एकदम कालवा. पुरुषांतून कुणीतरी ओरडलं, "माझ्या आईला पण ह्यानंच सुई सोडायला सांगितली होती! देवानं वाचवलं!" दुसरा म्हणाला, "माझ्या बहिणीला पण!" मला वाटलं होतं लोक मलाच खाली बसवतील. पण सगळे भूपतवर तुटून पडले. एका बाईनं तर मुगाची वाटी फेकली. लागली नाही.

सेवंतीकाका घामाघूम. "भूपतभाई, बोला काहीतरी! खरं आहे का हे?"

त्यानं माईक घेतला. माझ्याकडं बघितलं. खूप वेळ.

"बेन सांगतात ते खरं आहे," म्हणाला. "सुई मीच बंद करायला सांगितली. चूक माझी."

काका म्हणाले, "अहो, पण नंतर तरी... पाच दिवस होते! मधे काही कळवलं नाहीत तुम्ही त्यांना? काहीच नाही?"

पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"नाही," म्हणाला. "नंतर काही नाही."

माईक खाली ठेवला, हात जोडले आणि मधल्या वाटेनं निघून गेला. लोक अंग चोरून बाजूला होत होते. तन्नानं दारात त्याला वाट दिली. कुणीतरी फाटकावरचा फलक ओढून काढला. शाल काकांच्या हातातच. घडी मोडली नाही.

भानुनं मला मिठी मारली. "मोठ्याभाईंचा आत्मा शांत झाला, भाभी!" बायका पाया पडायला लागल्या. माझ्या! तन्ना म्हणाला, "बेन, तुम्ही दहा जीव वाचवलेत आज."

हवं होतं ते सगळं मिळालं. त्याच्याच तोंडून. जिंकले.

भादरवा सुद सातम

भूपत गाव सोडून गेला. भानु सांगत आली, घराला कुलूप आहे.

त्यानं खोटं सांगितलं वाडीत. नंतर होतं. पाचव्या दिवशी दुपारी बाराला फोन होता त्याचा, ह्यांच्या मोबाइलवर. मी उचलला. "बेन, मी अमदावादेत आहे, इथं माझ्या वर्गातला एक जण बेशुद्ध पडलाय. मी चुकलो. धीरजभाईंना आत्ताच्या आत्ता सुई द्या, तन्नांकडं न्या, माझी वाट बघू नका." रडत होता. मी म्हटलं, तीनच दिवस राहिलेत, पत्रिका वाटून झाल्यात. आणि ठेवला.

आतून ह्यांनी विचारलं, कुणाचा गं?

खाकऱ्याची ऑर्डर, म्हटलं मी.